पाण्याने धरलेली कड

भाचीने पेशीपटलाची आकृती पुरी करून वही माझ्यासमोर सरकवली, तेव्हा माझी नजर तिने मन लावून रंगवलेल्या गोलांवर गेली नाही. ती त्या गोलांमधून ओढलेल्या एका बारीक रेघेवर अडली. आकृती सगळ्यांच्या ओळखीची आहे. गोल डोकी आणि त्यांना लोंबणाऱ्या दोन-दोन शेपट्या अशी एक रांग वर, शेपट्यांना शेपट्या भिडवून उलटी ठेवलेली तशीच दुसरी रांग खाली, आणि मधूनमधून दोन्ही रांगा भेदून गेलेले प्रथिनांचे ओबडधोबड गोळे. पुस्तकातली डोकी नुसती शेजारी शेजारी उभी होती. हिने मात्र पहिल्या डोक्यातून शेवटच्या डोक्यापर्यंत पेन्सिलीची एक सलग रेघ ओढली होती. ही कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मावशी, काहीतरी जोडलेलं असेलच ना त्यांना. नाहीतर सगळं सांडेल."

परीक्षेत पुस्तकातल्यासारखीच आकृती लागते, म्हणून तिने ती रेघ लगेच खोडून टाकली. खोडरबराने रंग थोडा पसरला, तेवढ्यावरून तिची चिडचिड झाली आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तिचे ते "सांडेल" काही जाईना. जीवशास्त्र शिकताना ही आकृती मीही कितीदा काढली होती, पण त्या रांगांना कोण धरून ठेवते, असा प्रश्न मला पडल्याचे आठवत नाही. आकृती पाठ झाली की तिच्यातली विचित्र गोष्टसुद्धा स्वाभाविक वाटू लागते.

तिथे जोडलेले खरोखर काहीच नसते. आकृतीतली ती डोकी-शेपट्यांची जोडणी म्हणजे फॉस्फोलिपिड नावाचे मेदाचे रेणू; शेजारच्या अशा दोन रेणूंमध्ये रासायनिक बंध नाही, गाठ नाही, चिकट पदार्थही नाही. जे काही धरून ठेवते ते पाणी. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना अखंड धरत आणि सोडत असतात. त्यांच्यामध्ये तेलकट शेपटी आली, की तिच्या भोवतीच्या पाण्याला हा व्यवहार मोकळेपणाने करता येत नाही. वळण्याफिरण्याच्या त्याच्या शक्यता घटतात. शेपट्या एकमेकींजवळ सरकल्या की असे अडकलेले पाणी सुटते. तेलाचे आणि पाण्याचे वैर आहे असे आपण सहज बोलून जातो, पण शेपट्यांना एकत्र आणण्यात त्यांच्या आपसातल्या ओढीपेक्षा पाण्याच्या या सुटकेचा वाटा मोठा आहे. डोक्यांवर विद्युतभार असल्यामुळे ती पाण्यात सुखाने राहतात. मग डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत, अशी दुहेरी मांडणी आपोआप जमते. या थराची कड उघडी राहिली तर तिथल्या शेपट्या पाण्याला लागतात, म्हणून थर वळून स्वतःवरच बंद होतो आणि पिशवी तयार होते. अतिसूक्ष्म काचेच्या नळीने पेशी टोचून नळी हळूच बाहेर काढली, तर पडलेले छिद्र मिटते. रेणू घडवायला पेशीला कष्ट पडतात हे खरे, पण एकदा ते घडले की त्यांची रांग लावण्यासाठी तिला काही खर्चावे लागत नाही.

हे सगळे समजण्याचा इतिहास मला पटलाइतकाच मोहक वाटतो, कारण त्यात मोठ्या यंत्रांपेक्षा परात, तळे आणि चमचा यांचाच वावर जास्त आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतले आणि सुमारे अर्ध्या एकरावरचे पाणी नितळ झालेले पाहिले. १७७४ मध्ये त्यांचे हे निरीक्षण छापून आले. तेलाचे आकारमान भागिले तळ्याचे क्षेत्रफळ हा भागाकार त्यांनी केला असता, तर एका रेणूच्या लांबीच्या आसपासचे उत्तर त्यांच्या हातात पडले असते. तो त्यांनी केला नाही. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, विद्यापीठाची दारे बंद असलेल्या ॲग्नेस पॉकेल्स यांनी जर्मनीत, आपल्या घरातच, पत्र्याच्या एका पसरट भांड्यात पाण्यावरचे तवंग मोजायला सुरुवात केली. सरकत्या पट्टीने पृष्ठभाग लहान-मोठा करायचा आणि पाण्याचा ताण कुठे एकदम बदलतो ते टिपायचे, एवढीच त्यांची रीत. त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि रॅले यांनी ते १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापवून आणले. पुढे अर्व्हिंग लँगम्युअर यांनी हेच उपकरण अधिक नेमके केले, आणि पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चे नोबेल त्यांना मिळाले. पॉकेल्स यांचे नाव किती पाठ्यपुस्तकांत येते, हा हिशेब मांडायला बसले की माझे मन आंबट होते.

त्याच प्रकारचे भांडे वापरून १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी एक साधा प्रश्न सोडवला. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसते आणि आत दुसरी पटलेही नसतात. म्हणजे तिच्यातला जवळजवळ सगळा मेद बाहेरच्या पटलातलाच धरता येतो. त्यांनी अशा पेशींमधला मेद ॲसिटोनने वेगळा केला, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईपर्यंत पसरवला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून पाहिले. ते दुप्पट भरले. म्हणजे पटल दोन थरांचे. निष्कर्ष बरोबर होता, पण चाळीसेक वर्षांनी हिशेब पुन्हा तपासला गेला तेव्हा आढळले की ॲसिटोनने सगळा मेद निघतच नाही, आणि त्यांनी वाळलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी भरला होता. दोन्ही चुका जवळपास सारख्या मापाच्या असल्याने त्यांनी एकमेकींना खोडले. हा किस्सा विज्ञानाची गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो वाचताना दरवेळी थोडी धास्ती वाटते. यातली एकच चूक झाली असती तर उत्तर दीड थर असे काहीतरी आले असते, आणि दोन भल्या माणसांनी त्याचेही काही स्पष्टीकरण शोधून काढले असते.

मेदाच्या या दुहेरी थराची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर भरते. एका मिलिमीटरमध्ये असे दोन लाख थर मावतील.

इतक्या पातळ गोष्टीला आपण भिंत म्हणतो, पण ती वाहती असते. एका थरातला मेदरेणू शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा जागेची अदलाबदल करतो. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकमेकींत विलीन केली. उंदराच्या पटलावरची प्रथिने एका चमकत्या रंगाने आणि माणसाची दुसऱ्या रंगाने खुणावलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली आधी एक अर्धगोल हिरवा आणि एक लाल असा दिसला; ३७ अंश तापमानाला चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळ्या पृष्ठभागावर मिसळून गेले. तापमान उतरवले तर मिसळणे मंदावत गेले. कोणत्या प्राण्याचे प्रथिन कोणत्या बाजूला राहील, याचा काही निर्बंध त्या पटलाला माहीत नव्हता. त्यानंतर दोन वर्षांनी सिंगर आणि निकल्सन यांनी मेदाच्या वाहत्या थरात तरंगणाऱ्या प्रथिनांचे जे चित्र मांडले, तेच भाचीच्या वहीत अजून आहे.

या धावपळीत एक गोष्ट मात्र सहसा घडत नाही. वरच्या थरातला रेणू खालच्या थरात उतरत नाही. त्यासाठी पाण्यात रमणारे डोके तेलकट मध्यातून ओढत न्यावे लागते, आणि हे आपसूक व्हायला तासच्या तास, कधी दिवस जातात. त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या ठेवता येतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद पेशी मुद्दाम आतल्या बाजूला ठेवते आणि तो बाहेर आलाच तर ऊर्जा खर्चून परत आत ओढणारी प्रथिने बाळगते. पेशी मरणपंथाला लागली की हा पहारा उठतो, तो मेद बाहेरच्या थरात दिसू लागतो आणि भक्षक पेशी तिला ओळखून गिळून टाकतात. पटलाच्या कोणत्या अंगाला काय आहे, एवढ्यावरून शेजारची पेशी जिवंत की संपलेली हे ठरते.

आता आत-बाहेर जाणाऱ्यांविषयी. निवडक्षम पारपटल ही व्याख्या आपण सगळ्यांनी घोकलेली आहे, पण निवड दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी होते हे तिच्यातून कळत नाही. पहिला प्रकार निर्विकार आहे. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि मेदात विरघळणारे पुष्कळसे पदार्थ थरातून थेट पार होतात. जो पदार्थ तेलात जितका विरघळतो तितका तो पेशीत लवकर शिरतो, हे ओव्हरटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच पाहिले होते. यात पेशीची काही इच्छा नसते. विसरण, म्हणजे रेणूंचे आपसूक पसरणे, दोन्ही दिशांना चालू असते आणि जिकडे दाटी कमी तिकडे एकूण ओघ वाहतो. दुसरा प्रकार प्रथिनांचा, आणि तिथे मी दरवेळी रेंगाळते.

सोडिअम किंवा पोटॅशिअमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, आकाराने अगदी लहान, तरी मेदाच्या थरातून त्याला जवळजवळ जाताच येत नाही. त्याच्या विद्युतभारामुळे पाण्याचे रेणू त्याला वेढून असतात आणि तो वेढा सोडून तेलकट भागात शिरणे त्याला फार महाग पडते. पोटॅशिअमसाठी पटलात जी वाहिनी असते तिच्यातून पोटॅशिअम सेकंदाला कोट्यवधींच्या संख्येने जातो; सोडिअम त्याहून लहान असूनही दहा हजारांत एखादाच निसटतो. मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव, हे कोडे कितीतरी वर्षे होते. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूच्या वाहिनीची रचना अणूंच्या पातळीवर दाखवली आणि उत्तर दिसले. वाहिनीच्या सर्वांत अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत, की पाण्याचा वेढा टाकून आलेल्या पोटॅशिअमला ते पाण्याच्याच जागी भेटतात. त्याला काही गमवावे लागत नाही. सोडिअम लहान पडतो, ऑक्सिजन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि म्हणून आपले पाणी सोडणे त्याला परवडत नाही. तिथे दार बंद करणारे कोणी नाही. सोडिअमसाठी आत जाणे तोट्याचे ठेवले आहे, इतकेच.

पाण्याची गोष्ट त्याहून चमत्कारिक. ज्या पाण्याने हे पटल उभे केले, तेच पाणी त्यातून फार सावकाश झिरपते, आणि मूत्रपिंडासारख्या ठिकाणी हा वेग पुरत नाही. पीटर ॲग्रे रक्तगटाच्या एका प्रथिनावर काम करत असताना त्यांच्या नमुन्यात एक अनोळखी प्रथिन पुन्हा पुन्हा येत राहिले. अखेर १९९२ मध्ये त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यांना हे प्रथिन बनवायला लावले आणि ती अंडी कमी क्षारांच्या पाण्यात टाकली. बेडकाची अंडी अशा पाण्यात एरवी निवांत असतात. ही अंडी टरारून फुगली आणि फुटली. हे प्रथिन म्हणजे पाण्याची वाहिनी, ॲक्वापोरिन. अशा एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एकेरी रांगेने जातात, पण पाण्यातून सहज उड्या घेणारा प्रोटॉन मात्र त्यांच्यामागून जाऊ शकत नाही. ॲग्रे आणि मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

वाहिन्या असल्या म्हणजे गळती आलीच.

भाचीच्या "सांडेल"चा अर्थ मला इथे नव्याने लागला. सांडतेच. पेशीच्या आत पोटॅशिअम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल आणि बाहेर रक्तात साधारण साडेतीन ते पाच. सोडिअमचे नेमके उलटे, बाहेर १४० च्या आसपास आणि आत दहा-पंधरा. दोघेही क्षणोक्षणी आपापल्या उतारावरून घरंगळत असतात. हे सांडलेले परत भरण्याचे काम जे प्रथिन करते, ते डेन्मार्कच्या येन्स स्को यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या पायांतल्या चेतातंतूंत सापडले. एटीपी या पेशीच्या ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा एक रेणू खर्चून तीन सोडिअम बाहेर टाकायचे आणि दोन पोटॅशिअम आत घ्यायचे, हे त्याचे काम. नोबेल मिळायला त्यांना १९९७ पर्यंत थांबावे लागले. निवांत पडलेल्या शरीराच्या ऊर्जेतला सुमारे पाव हिस्सा या एका पंपावर जातो. कड आपोआप होते, आणि कडेच्या दोन बाजूंमधला फरक मात्र दर क्षणी मोल देऊन टिकवावा लागतो. आकृतीत कड दिसते, हा फरक दिसत नाही. चेतापेशीच्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास विभवांतर असते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पाच नॅनोमीटर जाडीचा भाग दिला तर ते सेंटिमीटरला लाखाहून अधिक व्होल्ट भरते. इतक्या ताणाखाली असलेली वस्तू दोन रंगीत रांगांमध्ये स्वस्थ बसलेली दाखवायची, ही चित्रकाराची अडचण मी समजू शकते.

हा फरक पुढे कामालाही येतो. रहाटाने वर चढवलेल्या पाण्याने खाली येता येता चक्की फिरवावी, तसा बाहेर ढकललेला सोडिअम आतड्याच्या पेशीत परत येताना ग्लुकोजला बरोबर ओढून आणतो आणि त्या दोघांमागून पाणी येते. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, विष आतड्याच्या पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर लोटते, पण ही जोडवाट ते मोडत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे पाजले आणि छावणीतल्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. नुसते मिठाचे पाणी किंवा नुसते पाणी हे काम करू शकत नाही. साखर तिथे ताकदीसाठी घातलेली नसते; ती मिठाला आत नेणारी सोबत असते.

या फरकाची किंमत मला पुस्तकात कळली नाही. वडिलांची मूत्रपिंडे थकली होती तेव्हाची गोष्ट. सकाळच्या तपासणीत रक्तातले पोटॅशिअम सहाच्या वर आले. तरुण डॉक्टरांनी अहवालाकडे पाहून आधी म्हटले, "नमुना पुन्हा घेऊ. सुईतून ओढताना पेशी फुटल्या असतील तरी आकडा वाढतो." तांबड्या पेशी फुटल्या की आतले १४० बाहेरच्या पाचात मिसळते, आणि आजार नसतानाही आजार दिसतो. दुसरा नमुना निथळल्यावर परिचारिकेने नळी प्रकाशात धरून पाहिली. वर निथळलेल्या द्रवात लालसरपणा नव्हता. आकडा तेवढाच आला. मग हृदयाच्या आलेखावर टोकदार झालेल्या लाटा दाखवत डॉक्टरांनी आधी कॅल्शिअम दिले आणि पाठोपाठ इन्शुलिन. वडिलांना मधुमेह नव्हता. मी विचारले, तर ते म्हणाले, "साखर उतरवायची नाहीये. साखर बरोबर देतोच आहोत. इन्शुलिननं पेशींचे पंप जोरात चालतात, पोटॅशिअम आत जातं. तेवढाच वेळ मिळतो." शरीरातले पोटॅशिअम त्यामुळे तसूभरही कमी होणार नव्हते, ते फक्त पटलाच्या अलीकडून पलीकडे जाणार होते. हृदयाला तेवढे पुरेसे होते. मी खाटेशी बसून पडद्यावरच्या लाटा पाहत राहिले. त्या बोथट होत गेल्या, आणि मला हायसे वाटले तसेच थोडे अपमानास्पदही वाटले. ज्यांना मी आयुष्यभर एक अखंड माणूस म्हणून ओळखत होते, त्यांचे असणे इतक्या थोड्या मिलिमोलांच्या अलीकडे-पलीकडे ठरत होते.

पुढे हिमोग्लोबिन उतरल्याने त्यांना रक्त द्यावे लागले, तेव्हा हाच आकडा पुन्हा चर्चेत आला. पिशवीतल्या तांबड्या पेशी दोन ते सहा अंशांवर, योग्य पोषक द्रवात, ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात. त्या गारठ्यात बहुतेकींची पटले शाबूत राहतात. गळती हळूहळू चालू राहते आणि पंप मात्र जवळजवळ थांबतो. त्यामुळे जुन्या पिशवीत पेशींबाहेरच्या द्रवातले पोटॅशिअम नेहमीच्या दहापटीपर्यंत चढलेले असते, आणि नवजात बाळाला पुष्कळ रक्त द्यायचे असेल तेव्हा ताजे किंवा धुतलेल्या पेशींचे रक्त शोधतात. वडिलांसाठीही डॉक्टरांनी त्यातल्या त्यात ताजी पिशवी मागवली आणि थेंबांचा वेग कमी ठेवायला सांगितला. पिशवी उघडल्यापासून चार तासांत संपवायची असते, तेवढ्यात बसेल इतकाच कमी. शरीराची ऊब मिळाली की थांबलेले पंप पुन्हा चालू लागतात आणि एखाद-दुसऱ्या दिवसात त्या पेशी आपापले पोटॅशिअम परत आत घेतात, हे त्यांनी चालता चालता सांगितले. संध्याकाळच्या अहवालात आकडा वाढलेला नव्हता, आणि दुसऱ्या पिशवीची मागणी त्यांनी तिथेच उभ्याने लिहून दिली.